लाला अमरनाथ : धगधगता स्वभाव आणि आकड्यांचा वाद

भारतीय क्रिकेटमध्ये खेळाडूचे मोठेपण आकड्यांवरून मोजण्याची सवय जुनी आहे. या सवयीला सर्वाधिक अडचणीत आणणारे नाव म्हणजे लाला अमरनाथ. २४ कसोटी सामने, ८७८ धावा, २४.३८ ची सरासरी आणि एकच शतक. तेही कारकिर्दीतील पहिल्या कसोटीतले. एवढ्याच नोंदीवरून निवाडा द्यायचा तर एका दिवसाच्या पराक्रमावर आयुष्यभर जगलेला फलंदाज, असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु याच माणसाच्या नावावर प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये १०,४२६ धावा आणि ४६३ बळी आहेत. स्वतंत्र भारताचा तो पहिला कसोटी कर्णधार आहे आणि कसोटी मालिका जिंकणारा पहिला भारतीय कर्णधारही तोच आहे.

या दोन नोंदींमधील दरी कशाने निर्माण झाली, हा वाद अनेक दशके चालत आला. अमरनाथ यांच्या तापट स्वभावाने त्यांच्या गुणांची माती केली, असे एक पक्ष मानतो. संस्थानिकांच्या आणि मंडळाच्या अधिकाऱ्यांच्या अहंकाराने एका अस्सल खेळाडूचा बळी घेतला, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत आणि दोन्ही बाजूंचे दावे कुठे ना कुठे तोकडे पडतात. ते तपासायचे तर त्यांचे आयुष्य क्रमाने पाहावे लागते.

कपूरथळा ते लाहोर

नानिक अमरनाथ भारद्वाज यांचा जन्म ११ सप्टेंबर १९११ रोजी पंजाबातील कपूरथळा संस्थानात एका गरीब कुटुंबात झाला. त्या काळी क्रिकेट हा राजेरजवाड्यांचा, साहेबांचा आणि मुंबईतील सधन समाजांचा खेळ होता. कपूरथळ्याच्या मुलाला त्यात शिरकाव मिळणे दुरापास्तच. लाहोरमधील राणा या क्रिकेटवेड्या मुस्लिम कुटुंबाने या मुलाचे कसब हेरले, त्याला आधार दिला आणि तो लाहोरच्या मैदानांवर वाढला. पुढे ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक फ्रँक टॅरंट यांचे मार्गदर्शनही त्याला लाभले.

अमरनाथ यांची घडण समजून घेताना हा तपशील महत्त्वाचा ठरतो. त्यांच्याच वयाचे विजय मर्चंट त्यांच्यानंतर अवघ्या महिनाभराने, १२ ऑक्टोबर १९११ रोजी, मुंबईतील गिरणीमालकांच्या घरात जन्मले. मर्चंट यांच्या फलंदाजीत शिस्त होती, बांधेसूदपणा होता, मोजूनमापून केलेली गुंतवणूक होती. अमरनाथ यांच्याकडे हाती आलेली संधी पुन्हा येईल याची शाश्वती नसलेल्या माणसाची घाई होती. त्यांची ड्राइव्ह पाहणाऱ्याला खिळवून ठेवी, पण त्याच फटक्यात बाद होण्याची शक्यताही दडलेली असे. गोलंदाजीही अशीच चाकोरीबाहेरची. छोटी धाव आणि चुकीच्या पायावर चेंडू सोडण्याची विचित्र लकब असूनही मध्यमगती चेंडूवर त्यांचे विलक्षण नियंत्रण होते. शिवाय प्रसंगी ते यष्टिरक्षणही करीत.

१९३३ च्या हिवाळ्यात डग्लस जार्डिन यांचा एमसीसीचा संघ भारतात आला. बॉडीलाइन मालिकेला वर्षही लोटले नव्हते. दक्षिण पंजाबकडून खेळताना अमरनाथ यांनी अमृतसरला या संघाविरुद्ध १०९ धावा काढल्या आणि भारतभूमीवरील पहिल्या कसोटीसाठी त्यांची निवड झाली.

जिमखान्यावरील शतक

१५ डिसेंबर १९३३ रोजी मुंबईच्या बॉम्बे जिमखाना मैदानावर ही कसोटी सुरू झाली. मर्चंट, एल. पी. जय, लढा रामजी आणि रुस्तमजी जमशेदजी यांचेही हेच पदार्पण. भारताचा पहिला डाव २१९ धावांत आटोपला. त्यात सर्वाधिक ३८ धावा अमरनाथ यांच्याच होत्या. इंग्लंडने ४३८ धावा करून २१९ ची आघाडी घेतली. दुसऱ्या डावात वझीर अली आणि जनार्दन नवले ही सलामीची जोडी २१ धावांतच तंबूत परतली.

येथून अमरनाथ आणि कर्णधार सी. के. नायडू यांनी तिसऱ्या गड्यासाठी १८६ धावांची भागीदारी रचली. निकोल्स, क्लार्क आणि व्हेरिटी यांसारख्या गोलंदाजांवर बावीस वर्षांचा हा तरुण तुटून पडला. दिवसअखेर शतक पूर्ण झाले होते. भारताच्या कसोटी इतिहासातील ते पहिले शतक. प्रेक्षक मैदानात धावले, त्यांना हार घालण्यात आले, संस्थानिकांनी बक्षिसे जाहीर केली. स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिल्याचेही सांगितले जाते. पारतंत्र्यातील एका शहराने त्या संध्याकाळी आपला नायक निवडला होता.

दुसऱ्या दिवशी अमरनाथ ११८ धावांवर बाद झाले. त्यांच्या डावात २१ चौकार होते. तिसरा गडी २०७ धावांवर बाद झाला आणि उरलेले सात फलंदाज अवघ्या ५१ धावांत गारद झाले. इंग्लंडने सामना नऊ गडी राखून जिंकला. पराभव मुंबईकर विसरले, शतक मात्र विसरले नाहीत. अमरनाथ यांच्या बाबतीत हे वरदान होते तसेच ओझेही. या मालिकेतील पुढच्या दोन कसोटींत त्यांना एकदाही अर्धशतक गाठता आले नाही. पहिल्या कसोटीतील दोन डाव वगळले तर उरलेल्या २३ कसोटींत त्यांनी ७२२ धावा केल्या. ही सरासरी २१ च्या आसपास येते. लोकांनी त्यांचा प्रत्येक डाव त्या एका डावाशी ताडून पाहिला आणि प्रत्येक वेळी त्यांच्या पदरी निराशा आली. सातत्याच्या वादाचे मूळ येथे आहे.

१९३६ : बोटीवरून परतपाठवणी

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्याचे नेतृत्व विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजेच विझी, यांच्याकडे होते. पैसा आणि सत्ताधाऱ्यांशी असलेली जवळीक ही त्यांची प्रमुख पात्रता. १९३२ च्या दौऱ्यात पोरबंदरच्या महाराजांनी आपल्या खेळाची मर्यादा ओळखून कसोटीत नायडूंना नेतृत्व देण्याचा समंजसपणा दाखवला होता. विझींनी तो दाखवला नाही. मर्जीतले आणि मर्जीबाहेरचे अशी संघाची विभागणी झाली. नायडूंसारखा ज्येष्ठ खेळाडू मर्जीबाहेर गेला. अमरनाथ तर मर्जी सांभाळण्यासाठी जन्मालाच आले नव्हते.

मैदानावर मात्र ते दौऱ्यातील सर्वांत उपयुक्त खेळाडू ठरत होते. परत पाठवले जाईपर्यंत त्यांनी ६१३ धावा केल्या होत्या आणि २०.७८ च्या सरासरीने ३२ बळी घेतले होते. इसेक्सविरुद्धच्या सामन्यात त्यांनी दोन्ही डावांत शतके झळकावली. दौऱ्याच्या त्या टप्प्यावर कुणी त्यांच्या सातत्याविषयी शंका घेतली नसती.

जूनमध्ये लॉर्ड्सवर मायनर काउंटीज संघाविरुद्ध सामना होता. अमरनाथ पॅड बांधून तयार बसले. एक गडी बाद झाला, दुसरा फलंदाज पाठवण्यात आला. पुन्हा गडी बाद झाला, पुन्हा तिसराच गेला. पाठ दुखत असताना त्यांना बराच वेळ ताटकळत ठेवून अखेर दिवसाचा खेळ संपण्याच्या बेतात असताना फलंदाजीस धाडण्यात आले. नाबाद परतल्यावर ड्रेसिंग रूममध्ये त्यांच्या रागाचा स्फोट झाला. त्यांनी सामान आदळले आणि पंजाबीत चार शब्द सुनावले. विझी आणि व्यवस्थापक मेजर ब्रिटन-जोन्स यांनी हा शिस्तभंग मानला. सहकाऱ्यांनी रदबदली करूनही निर्णय बदलला नाही. पहिली कसोटी तोंडावर आली असताना संघातील सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडूला ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने भारतात परत पाठवण्यात आले.

त्यानंतरच्या लॉर्ड्स कसोटीत अमर सिंग यांनी इंग्लंडचा पहिला डाव १३४ धावांत गुंडाळला आणि भारताला १३ धावांची आघाडी मिळाली. दुसऱ्या डावात मात्र भारत ९३ धावांत कोसळला आणि सामना गमावला. त्या दिवशी अमरनाथ असते तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर कुणालाच देता येणार नाही. ती मालिका भारताने २–० अशी गमावली.

मायदेशी प्रकरण गाजले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन ब्यूमाँट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. जानेवारी १९३७ मध्ये आलेल्या अहवालाने विझींच्या नेतृत्वाचे वाभाडे काढले. त्यांना क्षेत्ररक्षणाची रचना आणि गोलंदाजीतील बदल समजत नव्हते, फलंदाजीचा क्रमही त्यांनी कधी निश्चित ठेवला नाही, असा निष्कर्ष समितीने काढला आणि अमरनाथ यांना दोषमुक्त केले. एका गरीब घरातील व्यावसायिक खेळाडूने राजघराण्यातील कर्णधाराविरुद्ध मिळवलेला हा नैतिक विजय होता. पण त्याची किंमत वसूल होऊन गेली होती. विझींच्या लहरीपणाची चौकशी समितीने दखल घेतली. मात्र तापट हा शिक्का अमरनाथ यांच्यावरच कायमचा बसला.

हरवलेली बारा वर्षे

फेब्रुवारी १९३४ मध्ये तिसरी कसोटी खेळलेले अमरनाथ चौथी कसोटी खेळले ती जून १९४६ मध्ये. मधल्या बारा वर्षांत भारत केवळ तीनच कसोटी खेळला. त्या १९३६ च्या. त्यानंतर महायुद्धाने कसोटी क्रिकेट थांबवले. म्हणजे स्वभावामुळे किंवा विझींमुळे त्यांनी गमावलेल्या कसोटी तीन. बाकीचा काळ इतिहासाने गिळला. फलंदाजाची ऐन उमेदीची २२ ते ३४ ही वर्षे अशी सरली. सातत्य मोजायचे तर सलग खेळायला मिळावे लागते, ही साधी अट त्यांच्या बाबतीत कधी पुरी झाली नाही. मर्चंट यांच्या वाट्यालाही हेच दुर्दैव आले. मात्र मर्चंट यांनी मिळालेल्या अवघ्या दहा कसोटींत ४७.७२ ची सरासरी राखली. अमरनाथ यांच्या समर्थकांना या तुलनेचे उत्तर देणे नेहमीच जड गेले.

१९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात अमरनाथ गोलंदाज म्हणून चमकले. लॉर्ड्सवर त्यांनी ११८ धावांत पाच बळी घेतले. त्यांत हटन होते आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडालेले कॉम्प्टनही होते. मँचेस्टरला त्यांनी ९६ धावांत पुन्हा पाच बळी टिपले. ज्या लॉर्ड्सवरून दहा वर्षांपूर्वी त्यांना हाकलण्यात आले होते, तेथेच ही कामगिरी व्हावी, हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

ऑस्ट्रेलियात दोन अमरनाथ

१९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी मर्चंट कर्णधार होते. प्रकृतीमुळे त्यांनी माघार घेतली आणि नेतृत्व अमरनाथ यांच्याकडे आले. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि फाळणीने दुभंगला होता. ज्या लाहोरने अमरनाथ यांना घडवले ते आता परदेशात गेले होते. फझल महमूद पाकिस्तानात गेल्याने संघाचा मुख्य वेगवान गोलंदाजही हरवला होता. समोर उभा होता ब्रॅडमन यांचा ऑस्ट्रेलिया, बहुधा इतिहासातील सर्वांत बलाढ्य संघ.

सातत्याच्या वादाला याच दौऱ्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. कारण येथे दोन अमरनाथ दिसतात. राज्य संघांविरुद्ध मेलबर्न येथे व्हिक्टोरियाच्या गोलंदाजीवर, संघाची सुरुवात पार कोसळलेली असताना, त्यांनी नाबाद २२८ धावांची खेळी केली. दौऱ्यातील प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांच्या ११६२ धावा झाल्या आणि सरासरी ५८ च्या पुढे राहिली. कसोटी सामन्यांत मात्र दहा डावांत १४० धावा, सरासरी १४. येथे विझी नव्हते. फलंदाजीचा क्रम त्यांच्याच हातात होता. लिंडवॉल, मिलर आणि जॉन्स्टन यांच्यासमोर, पावसाने भिजलेल्या खेळपट्ट्यांवर, नेतृत्वाचे ओझे वाहत असताना त्यांचा आक्रमक खेळ टिकला नाही. त्याच संघातील विजय हजारे यांनी अॅडलेडला दोन्ही डावांत शतके ठोकली. दत्तू फडकर यांनीही तेथे शतक झळकावले. संयमी सांगलीकर आणि नवखा कोल्हापूरकर ज्या गोलंदाजीसमोर उभे राहिले, तिच्यासमोर कर्णधार अपयशी ठरला. या नोंदीचा दोष अमरनाथ यांच्या शत्रूंना देता येत नाही.

नेतृत्वात मात्र ते डगमगले नाहीत. मेलबर्नच्या तिसऱ्या कसोटीत पावसानंतर खेळपट्टी बिघडलेली पाहून त्यांनी १०३ धावांनी मागे असताना नऊ बाद २९१ वर डाव घोषित केला आणि ऑस्ट्रेलियाला त्या खेळपट्टीवर फलंदाजीस भाग पाडले. ब्रॅडमन यांनी शेपटाचे फलंदाज आधी पाठवून हा डाव उलटवला. सामना भारत हरला. पण ब्रॅडमनसमोर पटावरची अशी धाडसी चाल खेळणारे कर्णधार त्या काळी फार नव्हते. ब्रिस्बेनला १८५ धावांवर ब्रॅडमन स्वयंचित झाले तेव्हा गोलंदाज अमरनाथच होते. कसोटी कारकिर्दीत ब्रॅडमन अशा रीतीने बाद होण्याचा हा एकमेव प्रसंग.

याच मालिकेत सिडनीला विनू मंकड यांनी चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राउन यांना धावबाद केले आणि मोठा गहजब उडाला. तरीही दोन्ही कर्णधारांचे संबंध बिघडले नाहीत. मालिका भारताने ४–० अशी गमावली. पण अमरनाथ यांच्यासोबत घालवलेला तो हंगाम आपल्या कारकिर्दीतील अत्यंत आनंदाच्या हंगामांपैकी होता, अशी नोंद ब्रॅडमन यांनी आत्मचरित्रात केली. विझींना असह्य झालेला हा माणूस जगातील सर्वश्रेष्ठ फलंदाजाला मात्र उमदा वाटला. खेळ जाणणाऱ्याशी अमरनाथ यांचे सहसा बिनसले नाही. अधिकार गाजवणाऱ्याशी मात्र हमखास बिनसले.

डिमेलो यांच्याशी संघर्ष

१९४८–४९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेतही अमरनाथ कर्णधार होते. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर अखेरच्या कसोटीत भारतापुढे विजयासाठी ३६१ धावांचे आव्हान होते. हजारे यांचे शतक आणि रुसी मोदी यांच्या ८६ धावांच्या बळावर भारत आठ बाद ३५५ पर्यंत पोहोचला आणि वेळ संपली. पहिल्यावहिल्या कसोटी विजयाला अवघ्या सहा धावा कमी पडल्या.

या मालिकेच्या सुमारास अमरनाथ आणि क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष अँथनी डिमेलो यांच्यातील संबंध टोकाला गेले. डिमेलो हे मंडळाच्या स्थापनेतील आणि ब्रेबॉर्न स्टेडियमच्या उभारणीतील कर्तबगार प्रशासक; पण एकहाती कारभाराची सवय असलेले. पाहुण्यांची सरबराई आणि यजमान खेळाडूंची हेळसांड याविषयी अमरनाथ यांनी उघड नाराजी व्यक्त केली. १९४९ मध्ये मंडळाने सततच्या गैरवर्तनाचा आणि शिस्तभंगाचा ठपका ठेवून त्यांना निलंबित केले. आरोपांची यादी लांबलचक होती. कलकत्त्याच्या एका खेळाडूला संघात घेण्यासाठी पैसे स्वीकारल्याचा गंभीर आरोपही तीत होता. अमरनाथ यांनी सविस्तर लेखी उत्तर देऊन सर्व आरोप फेटाळले आणि प्रकरण वृत्तपत्रांत नेले.

येथे स्वभावाचा प्रश्न अधिक अवघड होतो. १९३६ चा उद्रेक चोवीस वर्षांच्या तरुणाचा होता आणि अन्याय उघड होता. १९४९ मध्ये ते देशाचे कर्णधार होते. मतभेद चार भिंतींत मिटवण्याची, तडजोडीची वाट काढण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करणे गैर नव्हते. त्यांनी ती वाट शोधली नाही. दुसरीकडे, खेळाडूला नोकरासारखे वागवणाऱ्या व्यवस्थेत शांत राहणाऱ्यांच्या पदरी काय पडले, हाही प्रश्न उरतोच. पुढे त्यांच्यावरील बंदी उठली आणि १९५१ मध्ये डिमेलो यांचे अध्यक्षपदही गेले. फेब्रुवारी १९४९ ते नोव्हेंबर १९५१ या काळात भारत एकही अधिकृत कसोटी खेळला नव्हता. त्यामुळे या संघर्षात अमरनाथ यांच्या धावांपेक्षा प्रतिष्ठेचेच अधिक नुकसान झाले.

लाहोरकरांविरुद्ध विजय

इंग्लंडविरुद्ध १९५१–५२ च्या मालिकेत अमरनाथ संघात परतले. मद्रासला भारताने कसोटीतील पहिला विजय मिळवला तेव्हा ते त्या संघात होते. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी मात्र त्यांना वगळण्यात आले. तो दौरा भारताला फार वाईट गेला आणि त्यानंतर पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी मंडळाला पुन्हा अमरनाथ यांचीच आठवण झाली. तेव्हा त्यांचे वय ४१ होते.

पाकिस्तानची ही पहिलीच अधिकृत मालिका. त्यांचे कर्णधार अब्दुल हफीझ कारदार लाहोरचे, नझर मोहम्मद आणि फझल महमूदही लाहोरचे. ज्या मैदानांवर अमरनाथ वाढले त्याच मैदानांवरची ही पुढची पिढी. तिच्या खेळाची नस त्यांना ठाऊक होती. दिल्लीला मंकड यांच्या १३ बळींच्या जोरावर भारताने डावाने विजय मिळवला. लखनौला मंकड आणि हजारे संघात नसताना तागाच्या मॅटिंगवर फझल यांनी १२ बळी घेऊन भारताला डावाने हरवले. त्या पडझडीत नाबाद ६१ धावा काढून अमरनाथ एकटे उभे राहिले. मुंबईला त्यांनी पहिल्या डावात ४० धावांत चार बळी घेऊन पाकिस्तानचे कंबरडे मोडले. हजारे आणि उमरीगर यांनी शतके केली आणि भारत दहा गडी राखून जिंकला. मालिका २–१ अशी भारताची झाली.

फाळणीच्या जखमा ओल्या असताना खेळलेली ही मालिका गंभीर अनर्थाविना पार पडली, यात दोन्ही कर्णधारांचा वाटा होता. शीघ्रकोपी म्हणून बदनाम झालेल्या अमरनाथ यांनी कारकिर्दीतील सर्वांत तप्त वातावरणात डोके शांत ठेवले, हे त्यांच्या स्वभावाविषयी बोलताना सहसा विसरले जाते.

डिसेंबर १९५२ मधील कलकत्त्याची कसोटी त्यांची अखेरची ठरली. त्याच सामन्यात दीपक शोधन यांनी पदार्पणात शतक झळकावले. अमरनाथ यांच्यानंतर असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. शोधन यांनाही दुसरे शतक कधी करता आले नाही. पुढे कृपाल सिंग, अब्बास अली बेग आणि हनुमंत सिंग यांचेही तेच झाले. १९६९ मध्ये पदार्पणात शतक करणाऱ्या गुंडाप्पा विश्वनाथ यांनीच ही परंपरा मोडली. एका शतकावर थांबणे हा केवळ अमरनाथ यांच्या स्वभावाचा दोष मानणाऱ्यांनी ही यादी डोळ्यांखालून घालायला हवी.

खुर्चीवरचे अमरनाथ

ज्यांनी सत्तेशी झगडा केला, त्यांच्या हाती सत्ता आल्यावर ते कसे वागतात, ही स्वभावाची खरी परीक्षा. १९५४–५५ च्या पाकिस्तान दौऱ्यावर अमरनाथ व्यवस्थापक होते आणि पंचांच्या नेमणुकीवरून त्यांनी यजमानांशी खटका उडवला. त्यानंतर निवड समितीचे अध्यक्ष म्हणून १९६० पर्यंत त्यांचा दबदबा राहिला.

या काळाचे चित्र संमिश्र आहे. १९५८–५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या पाच कसोटींत भारताने उमरीगर, गुलाम अहमद, मंकड आणि अधिकारी असे चार कर्णधार पाहिले. मद्रास कसोटीच्या पूर्वसंध्येला संघनिवडीच्या वादातून उमरीगर यांनी राजीनामा दिला. या गोंधळाचे सारे खापर अमरनाथ यांच्यावर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण मंडळाचे पदाधिकारीही त्यात गुंतले होते. पण निवड समितीचा अध्यक्ष त्या जबाबदारीतून सुटत नाही. एकेकाळी विझींच्या अस्थिर कारभाराने पोळलेल्या माणसाच्या कारकिर्दीत खेळाडूंना पुन्हा तसाच अस्थिरपणा अनुभवावा लागला, ही बाब नोंदवली पाहिजे.

वर्षभरातच याच लहरी वाटणाऱ्या अंतःप्रेरणेने चमत्कार घडवला. डिसेंबर १९५९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध कानपूर कसोटी होती. तेथे नव्यानेच हिरवळीची खेळपट्टी तयार करण्यात आली होती. खेळपट्टी पाहून अमरनाथ यांनी अहमदाबादचे ऑफस्पिनर जसू पटेल यांना संघात घेण्याचा आग्रह धरला. पटेल पस्तिशीचे होते आणि अनेकांच्या मते कालबाह्य. त्यांनी पहिल्या डावात ६९ धावांत नऊ आणि सामन्यात १२४ धावांत १४ बळी घेतले. रामचंद यांच्या नेतृत्वाखाली भारताने ऑस्ट्रेलियाला प्रथमच हरवले. खेळपट्टीची आणि खेळाडूची अशी जाण पुस्तकातून येत नाही. नियमात बसणारा, सर्वांना सांभाळून घेणारा अध्यक्ष त्या दिवशी असता तर पटेल बहुधा घरीच बसले असते.

वारसा

घरात त्यांनी मुलांना कठोर शिस्तीत घडवले. थोरले सुरिंदर यांनी १९७६ मध्ये ऑकलंडला पदार्पणाच्या कसोटीत १२४ धावा केल्या. पिता-पुत्र दोघांनीही पदार्पणात शतक करण्याचा हा दुर्मीळ योग. वडिलांप्रमाणेच सुरिंदर यांच्या नावावरही कसोटीतले ते एकमेव शतक राहिले. मधले मोहिंदर ६९ कसोटी खेळले आणि १९८३ च्या विश्वचषकात उपांत्य व अंतिम या दोन्ही सामन्यांत सामनावीर ठरले. वारंवार वगळले गेल्यावर १९८८ मध्ये मोहिंदर यांनी निवड समितीला जाहीरपणे विदूषकांच्या पंक्तीत बसवले, तेव्हा जुन्या जाणत्यांना लॉर्ड्सवर पॅड आदळणारे वडील आठवले असतील. धाकटे राजिंदर यांनी पुढे वडिलांचे चरित्र लिहिले.

लाला अमरनाथ यांना १९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९९४ मध्ये मंडळाने सी. के. नायडू यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान अमरनाथ यांना देण्यात आला. ५ ऑगस्ट २००० रोजी दिल्लीत वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूळ वादाकडे वळायचे तर, कसोटी फलंदाज म्हणून अमरनाथ यांच्यात सातत्य नव्हते, हे मान्य करावेच लागते. युद्ध आणि विझी यांच्यामुळे त्यांची संधी हिरावली गेली. पण ऑस्ट्रेलियातील त्या दहा डावांचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. मात्र त्यांच्या स्वभावाने त्यांना संपवले, हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे. जार्डिनच्या संघावर तुटून पडण्याची, ब्रॅडमनसमोर पिछाडीवर असताना डाव सोडण्याची आणि जसू पटेल यांच्यावर पैज लावण्याची धमक त्याच स्वभावातून आली होती. तो राग वजा केला असता तर कदाचित सरासरी थोडी वाढली असती. पण ते अमरनाथ राहिले नसते. त्यांचे सातत्य धावफलकावर शोधले तर सापडत नाही. अपमान गिळायचा नाही या एका बाबतीत मात्र १९३६ पासून अखेरपर्यंत ते तसूभरही बदलले नाहीत. खुर्चीवर बसल्यावर इतरांना तोच न्याय ते प्रत्येक वेळी देऊ शकले नाहीत, ही त्यांची उणीव.

ज्या मंडळाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून त्यांना निलंबित केले, तेच मंडळ देशांतर्गत स्पर्धांतील सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडूंसाठी लाला अमरनाथ पुरस्कार देऊ लागले. तो स्वीकारणाऱ्या तरुणांपैकी कितीजणांना ‘कैसर-ए-हिंद’ बोटीची कथा ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे. आज कसोटी खेळणाऱ्याला लेखी करार आहे, निश्चित मानधन आहे. अमरनाथ यांच्या काळात खेळाडूजवळ यातले काहीच नव्हते. स्वाभिमानाची किंमत तेव्हा प्रत्येकाला स्वतःच्या कारकिर्दीतून चुकवावी लागे आणि अमरनाथ यांनी ती चुकवली.